तुमचा साप जेवायला बसला की काय काय करतो?

रानजाई

काल रात्री आमची ठकी तब्बल सव्वातीन महिन्यांच्या उपासानंतर जेवली. ठकी म्हणजे माझी सात वर्षांची बॉल पायथन, लहान जातीचा अजगर. उंदीर धरला अगदी नेटका. डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन विळखे घातले. आणि मग पुढचा पाऊण तास ती तोच उंदीर शोधत राहिली! उंदीर तिच्याच विळख्यात होता. पण ती पाण्याच्या भांड्यापर्यंत मान लांबवून पाहून आली, लपायच्या खोक्यात डोकावली, काचेच्या कोपऱ्यात जीभ लपलपवली. हे सगळं चालू असताना मागचं अर्धं अंग उंदराला घट्ट आवळून जागच्या जागी. शेवटी स्वतःच्याच पाठीवरून जीभ फिरवत फिरवत ती उंदराच्या शेपटीपाशी पोचली, तिथून केसांच्या उलट दिशेने चालत डोक्यापर्यंत गेली, आणि मग कुठे गिळायला सुरुवात झाली.

मी श्वास रोखून पाहत होते. तीन महिने वाट पाहिलेली असते हो.

ठकीच्या जेवणाच्या अटी मला आता पाठ झाल्या आहेत. खोलीत दिवा नको. मी पेटीसमोर उभी राहायला नको, बाजूला बसायचं. तिचं डोकं खोक्याच्या दारातून बाहेर आलेलं असेल आणि मानेचा इंग्रजी एस झाला असेल तरच उंदीर दाखवायचा. ती पूर्ण बाहेर फिरत असेल तर उंदराकडे ढुंकून पाहत नाही, उलट त्याला वळसा घालून निघून जाते. आणि उंदराचं डोकं अंगापेक्षा गरम हवं. हे शेवटचं मला कळायला दोन वर्षं लागली. तोवर ती दर वेळी उंदराला पोटात धरायची आणि मग तासभर डोकं शोधायची. आता उंदीर पूर्ण वितळला की पुसून कोरडा करते, आणि शेवटचा अर्धा मिनिट केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा फक्त त्याच्या डोक्यावर सोडते. ठकी बरोबर तिथेच झेप घेते. काल मात्र एवढं करूनही नेम पोटावर गेला, उपासाने सवय मोडली असावी.

तर धागा काढायचं कारण हेच. प्रत्येकाच्या सापाची जेवायची काहीतरी खोड असते आणि त्या खोडीमागे काहीतरी कारणही असतं असं माझं पक्कं मत होत चाललं आहे. तुमच्याकडचं लिहा. बारीकसारीक तपशीलही लिहा, तेच पुढे कामी येतात.

*

कडुनिंब

ठकीचं अभिनंदन! पाऊण तासाचं वर्णन दोनदा वाचलं.

आमच्याकडे कॉर्न स्नेक आहे, शेंदऱ्या. याला उपास ठाऊक नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेले असतात तेव्हाही हा चिमट्याकडे बघत असतो. याची खोड म्हणजे मेलेल्या उंदराला पुन्हा मारणे. गोठवलेला, वितळवलेला, ठार मेलेला उंदीर. तो चिमट्यातून हिसकावायचा, गरागरा चार वेटोळी खायची, उंदराला घेऊन स्वतः पालथं पडायचं, आणि मग मिनिटभर तसंच पडून राहायचं. कधी कधी या गडबडीत उंदीर निसटून बाहेर पडतो आणि शेंदऱ्या रिकामा विळखा आवळून बसतो. किंवा लाकडाच्या ओंडक्याला उंदरासकट आवळतो, आणि मग उंदीर सुटत का नाही हे त्याला कळत नाही.

दुसरी खोड, गिळून झालं की पेटीभर फिरून "आणखी आहे का" हे बघतो. तासभर. जिथे उंदीर पडला होता तिथला भुसा उकरतो. सुरुवातीला मला वाटायचं पोट भरलं नाही, म्हणून दुसरा द्यायचो. तो दुसराही लगेच खायचा, आणि मग जाड होत गेला. आता अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा एकच उंदीर, दहा दिवसांनी एकदा. शोधाशोध तेवढीच चालते. त्यामुळे ती भूक नव्हे, वास अजून हवेत आहे एवढंच, हे ध्यानात आलं.

*

रानजाई

"रिकामा विळखा" डोळ्यांसमोर आला! शेंदऱ्याला उंदराचं डोकं शोधायला वेळ लागतो का?

*

कडुनिंब

जवळजवळ नाही. जीभ चारदोनदा फिरवतो की डोकं सापडतं. डोकं गरम केलेलं असो नसो, त्याला फरक पडलेला मी पाहिला नाही.

*

नाटक्याची आई

या धाग्याची मी वाटच पाहत होते. 🙂

आमचा नाटक्या पश्चिमी हॉगनोज. नाकाचं टोक डुकरासारखं वर वळलेलं, जमीन उकरायला. लांबी दीड फूट, आव मात्र अजगराचा. उंदराचं पिल्लू चिमट्यात धरून समोर नेलं की आधी मान चपटी करून नागासारखी पसरतो, मग अंग फुगवून फुसफुसतो, मग तोंड बंद ठेवूनच उंदराला ढुशा देतो. एक, दोन, कधी सहा. मी चिमटा हलवत नाही. आठव्या मिनिटाला अचानक सगळा राग संपतो आणि तो उंदराच्या कानाला तोंड लावतो, जणू मघाशी काही झालंच नाही.

कडुनिंब, तुमचा मेलेल्याला मारतो. आमचा विळखाच घालत नाही. हॉगनोज आवळून मारणारा साप नाही, तो धरतो आणि चघळत चघळत आत घेतो. वरच्या जबड्यात मागच्या बाजूला लांब दात असतात आणि लाळेत सौम्य विष असतं. उंदराचा वास हाताला असताना याच्यासमोर बोट नेऊ नये. चुकून धरलंच तर झटकन सोडवायचं, कारण तो चघळत राहिला तर हात चांगला सुजतो.

आता खरी गंमत. मागच्या वर्षी याने सलग नऊ आठवडे काही खाल्लं नाही. निसर्गात हे लोक बेडूक, भेक यांच्या मागे असतात, त्यामुळे उंदीर म्हणजे अन्न हेच काहींना पटत नाही. मी डबाबंद ट्यूना मासा, मीठ नसलेला, त्याचं पाणी पिल्लाच्या नाकाला लावलं. नाटक्याने फुसफुस केली, ढुशा दिल्या, आणि जीभ पाण्यावर टेकल्याक्षणी दचकल्यासारखा थांबला. दोन मिनिटांत पिल्लू आत. पुढच्या वेळी निम्मं पाणी, त्याच्या पुढच्या वेळी एक थेंब, मग काहीच नाही. आता बिनवासाचा उंदीर खातो. पण त्या नऊ आठवड्यांनंतर एक नवीच अट आली आहे. पिल्लू चिमट्यात असेल तर ढुशा, जमिनीवर चपट्या दगडावर ठेवून मी खोलीबाहेर गेले तर निमूटपणे खातो. दगड तोच लागतो. धुवायला काढला होता तेव्हा दोन आठवडे रुसला होता.

*

वाटाड्या

दगडाचं वाचून बरं वाटलं, आमच्याकडे पाण्याचं भांडं आहे तसं. उंदीर उचलून भांड्यात नेऊन टाकतो आणि ओला करून खातो. का, देव जाणे.

*

तळ्याकाठी

मी गार्टर स्नेक पाळतो, सध्या तीन मादी एकत्र. इथे बाकीच्यांनी लिहिलंय तशी शांतता आमच्याकडे नाही. पेटीचं झाकण वाजलं की तिघी उभ्या होतात. अक्षरशः, मान वर काढून काचेला टेकून. गार्टर दिवसा जागे असतात, त्यांना हालचाल चटकन दिसते, आणि झाकण म्हणजे गांडूळ हे त्यांना दोन आठवड्यांत समजलं.

पहिल्या महिन्यात मी गांडुळं एकाच बशीत दिली. दोघींनी एकाच गांडुळाची दोन टोकं धरली. आधी ओढाताण, मग दोघी स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागल्या, दोरी पिळतात तशा. गांडूळ तुटलं तर बरं. नाही तुटलं तर दोघी गिळत गिळत मध्यावर येतात आणि नाकाला नाक लागतं. इथवर हसू येतं, पण त्यानंतर जिचं तोंड मोठं ती दुसरीचं डोकंही आत घ्यायला लागते. तिला ते गांडुळाचंच पुढचं टोक वाटतं, कारण वास तोच. मी वेळेवर सोडवल्या. तेव्हापासून तिघींना तीन डब्यांत वेगवेगळं जेवण, आणि परत एकत्र सोडण्याआधी तोंडाचा वास जायला अर्धा तास.

मासे देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गोल्डफिशच्या मांसात थायामिनेज असतं. ते बी१ जीवनसत्त्व नष्ट करतं. नेहमी तेच खाल्लं तर सापाचा तोल जातो, झटके येतात. मासा गोठवला तरी ते जात नाही. आणि खताच्या डब्यातली लाल गांडुळं देऊ नका, ती यांना बाधतात.

बाकी, तिघींपैकी एक गांडूळ तोंडात असतानाच दुसऱ्या गांडुळाला धरायला जाते. पहिलं सुटतं. मग तिकडे वळते, दुसरं सुटतं. हे मी पाच मिनिटं चालू असलेलं पाहिलं आहे.

*

अस्थिपंजर

इथल्या खोडींची मला सुचलेली उत्तरं लिहितो. प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं शिक्षण चालू आहे आणि घरी दोन बोआ आहेत, अजगरासारखे आवळून मारणारे साप.

रानजाई आणि कडुनिंब यांच्या सापांतला फरक आधी. बहुतेक अजगरांच्या आणि काही बोआंच्या ओठांच्या खवल्यांत उष्णता ओळखणारे खळगे असतात. तळाशी पातळ संवेदनशील त्वचा, ती समोरच्या वस्तूतून येणाऱ्या अवरक्त किरणांनी तापते. त्यामुळे ठकीला अंधारात उंदीर म्हणजे गार पार्श्वभूमीवरचा उबदार डाग. डोकं गरम केलं की डागाचा सर्वांत ठळक भाग तोच, म्हणून झेप तिथे. विळखा घातला की मात्र सगळंच कोमट आणि सगळंच जवळ, डाग हरवतो आणि जीभेवर काम येतं. ती आधी दूर शोधते याचं नवल नाही, उंदराचा वास पेटीभर पसरलेला असतो. कॉर्न, किंग, हॉगनोज, गार्टर यांना हे खळगे नाहीत. शेंदऱ्या पहिल्यापासून जिभेवरच अवलंबून असतो, म्हणून डोकं लवकर सापडतं. दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं वासाचे कण उचलतात आणि टाळूवरच्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतात. कुठल्या टोकाला वास जास्त, त्यावरून दिशा.

मेलेल्याला मारण्याबद्दल. 2012 साली स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांचा एक सुंदर प्रयोग बायोलॉजी लेटर्समध्ये आला. त्यांनी मेलेले उंदीर गरम करून त्यांच्या आत कृत्रिम हृदय बसवलं आणि ते बोआंना दिले. हृदय धडधडत असेल तर बोआ जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळत. हृदय मध्येच थांबवलं की थोड्याच वेळात विळखा सोडून देत. ज्या बोआंनी आयुष्यात जिवंत उंदीर पाहिला नव्हता, त्यांनीही हेच केलं. म्हणजे साप विळख्यातून नाडी बघत असतो. माझ्या बोआला मी उंदीर दिल्यावर चिमट्याने उंदराची शेपटी दोनदा हलकेच ओढली तर तो पुन्हा आवळतो, नाही ओढली तर लगेच सैल पडतो. शेंदऱ्याचा मिनिटभराचा विळखा मला त्यातलाच वाटतो. त्याच गटाने 2015 मध्ये आणखी दाखवलं की आवळल्यावर उंदीर गुदमरून मरण्याआधीच त्याचं रक्ताभिसरण थांबतं, काही सेकंदांत.

अवांतर: साप गिळताना जबडा "निखळवतो" असं कुणी पाहुणा म्हणाला तर त्याला थांबवा. काहीही निखळत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी आपल्यासारखी सांधलेली नसतात, मध्ये ताणला जाणारा बंध असतो, आणि मागे जबड्याचा सांधा एका लांब हलत्या हाडावर टांगलेला असतो. डावी बाजू पुढे, मग उजवी बाजू पुढे, असं करत डोकंच उंदरावरून चालत जातं. नीट पाहिलं तर तोंडाच्या तळाशी एक नळी पुढे आलेली दिसेल. ती श्वासनलिका. तोंड भरलेलं असताना श्वास तिथून.

*

रानजाई

"साप विळख्यातून नाडी बघतो" हे मी आज सगळ्यांना सांगणार आहे. आणि ठकी जेवून झालं की तीनचार वेळा भलीमोठी जांभई देते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकडी. ते जबड्याची हाडं पुन्हा जागेवर बसवणं ना?

*

अस्थिपंजर

हो, तेच. फक्त जांभई जेवणाशिवाय, वारंवार, तोंड उघडंच ठेवून किंवा फेस येऊन असेल तर ती जांभई नव्हे. श्वसनाचा आजार असू शकतो, डॉक्टरांकडे न्या.

*

एकांडा

किंग स्नेकवाल्यांच्या वतीने हजेरी.

आमचा राजा सगळ्यालाच अन्न समजतो. चिमटा, चिमट्याची सावली, पाण्याचं भांडं, भांड्यातलं पाणी. हे साप इतर साप खातात, विषारीसुद्धा, त्यांच्या भागातल्या फुरशांच्या जातभाईंचं विष त्यांना फारसं बाधत नाही. किंग हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणून दोन किंग एका पेटीत कधीच नाही.

एकदा उंदीर खाऊन झाल्यावर तो शोधत फिरत होता आणि स्वतःची शेपटी समोर आली. तिला उंदराचा वास लागला होता. धरली. शेपटीने अर्थातच झटका दिला, म्हणजे भक्ष्य जिवंत आहे, मग त्याने विळखा घातला. स्वतःलाच. मग गिळायला लागला. मला आधी कळेना की कुठला साप कुठे संपतो. ओढायचा मोह होतो, पण ओढू नका, दात मागे वळलेले असतात, दोन्हीकडची कातडी फाटते. मी डोक्यावर गार पाण्याची बारीक धार सोडली. वीस सेकंदांत सोडली शेपटी, तोंड पुसल्यासारखं जमिनीवर घासलं, आणि पाणी प्यायला गेला.

हे पुन्हा झालं तर पेटीचं तापमान मोजा. अति उष्णतेनेही साप गोंधळून स्वतःला धरतात. आमच्याकडे गरम कोपरा खरंच जास्त तापला होता, नियंत्रक बिघडलेला. तो बदलल्यापासून दोन वर्षांत एकदाही नाही.

साप हाताळायच्या आकड्याची, म्हणजे हुकची, सवय सगळ्यांनी लावा असं मला कळकळीने वाटतं. पेटी उघडल्यावर आधी आकड्याने अंगाला हलकेच स्पर्श. स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही, साफसफाई. थेट चिमटा दिसला म्हणजे जेवण. राजासारखा उतावीळ साप सुद्धा महिनाभरात हे शिकला.

*

मृगजळ

आकड्याबद्दल +१. माझ्या पायथनने एकदा चिमट्यातल्या उंदराला डावलून माझ्या मनगटाचा वेध घेतला होता. उंदीर गार होऊन गेला होता आणि हात उबदार. आता अस्थिपंजर यांनी लिहिलेलं वाचून त्याचा काही दोष नव्हता हे नीटच कळलं. तेव्हापासून हातभर लांब चिमटा.

*

पहिलटकर

सगळे प्रतिसाद वाचले. मी नवीन आहे. माझा बॉल पायथन वर्षाचा आहे, सहा आठवड्यांपासून खात नाही. मी रोज उंदीर दाखवतो, तो मान आत घेतो. रोज हातात घेऊन बघतो की अशक्त झाला का. खूप काळजी वाटते. वजन 480 ग्रॅम होतं, आज 471 भरलं.

*

रानजाई

पहिलटकर, आधी श्वास घ्या. सहा आठवड्यांत नऊ ग्रॅम, हे काहीच नाही. ठकीचं सव्वातीन महिन्यांत 1520 वरून 1485 झालं होतं. हे साप कमी ऊर्जेत राहणारे आहेत.

पण रोज दाखवणं थांबवा. रोज हातात घेणंही. तुम्ही भूक वाढवत नाही आहात, त्याला रोज घाबरवत आहात. दहा दिवस पेटीला पाणी बदलण्यापलीकडे हात लावू नका. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी. लपायला दोन जागा आहेत का, एक गरम बाजूला आणि एक गार? आणि त्या अंगाला सगळीकडून टेकतील इतक्या घट्ट आहेत का? प्रशस्त खोकं यांना आवडत नाही.

*

पहिलटकर

एकच आहे, गार बाजूला. मोठं आहे. उंदीर मी गरम पाण्यातून काढून लगेच देतो, ओलाच.

*

अस्थिपंजर

मग बरंच काही सुधारण्यासारखं आहे, आणि ही चांगली बातमी आहे. गरम कोपरा 31 ते 33 अंश सेल्सियस, गार बाजू 25-26. तापमापक जमिनीलगत ठेवा, साप तिथे असतो. गरम बाजूला घट्ट खोकं. उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, दुसऱ्या दिवशी बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात. पिशवीमुळे वास धुतला जात नाही आणि कोरडा राहतो. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आत शिजतो, फुटतो. आणि भांडी, चिमटा, सिंक स्वयंपाकाचं नको. साल्मोनेलासाठी हात साबणाने धुवायचे.

वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा नाकातोंडातून स्राव, घरघर, सैल विष्ठा दिसली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या डॉक्टरांकडे.

*

नाटक्याची आई

पहिलटकर, वहीत लिहीत चला. कधी दिला, किती गरम होता, दिवा होता का, तो कुठे होता. मला दगडाचा शोध वहीमुळेच लागला.

*

वादळवाट

मी वेगळं सांगतो. जिवंत उंदीर सोडा, लगेच खाईल. उपास मोडायला तोच उपाय.

*

एकांडा

वादळवाट, मनापासून विनंती, नवख्याला हे सांगू नका. न जेवणाऱ्या सापाजवळ जिवंत उंदीर ठेवला की उंदीर सापाला कुरतडतो. मी पाठीवरची कातडी मणक्यापर्यंत खाल्लेला पायथन पाहिला आहे. साप पळून जात नाही, गुंडाळून बसतो आणि सहन करतो.

*

वादळवाट

मी समोर बसून असतो, अर्ध्या तासात काढून घेतो. पण नवख्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. सल्ला मागे घेतो.

*

कवच

मला उंदराचा प्रश्नच येत नाही, माझ्याकडे अंडी खाणारा आफ्रिकी साप आहे, डॅसिपेल्टिस. अंड्याशिवाय काहीही नाही, आयुष्यभर. याच्या तोंडात दात जवळजवळ नाहीतच.

रात्री लावी पक्ष्याचं अंडं ठेवते. माझी सापीण आधी सगळीकडून जीभ लावून तपासते, खूप बारकाईने. अंडं शिळं असेल तर निघून जाते. मला वासही येत नाही, तिला कळतं. मी तारखा लिहून ठेवते, तिचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. अंडं पसंत पडलं की गिळायला सुरुवात, आणि इथे तिची पंचाईत होते, कारण अंड्याला धरायला काही नाही. ते घरंगळतं. ती तोंडाने ढकलते, ते पुढे जातं, ती मागे. पेटीभर फिरून शेवटी अंडं कोपऱ्यात अडतं, किंवा ती स्वतःच्या अंगाचा आडोसा करते, आणि मग तोंड त्यावर मोज्यासारखं चढवते. डोक्याच्या तिप्पट गोळा. गळ्याची कातडी इतकी ताणते की खवले एकमेकांपासून सुटून मधली पांढरी त्वचा दिसते.

मग ती मान कमानीसारखी वाकवते आणि "कट" असा आवाज येतो. शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतो. मानेच्या मणक्यांना खालून टोकं असतात, ती अन्ननलिकेत आलेली असतात, त्यांनी कवच फुटतं. आतलं सगळं पोटात पिळून घेते आणि कवच बाहेर टाकते, चपटं, आतल्या पापुद्र्याने एकत्र धरलेलं, नीट घडी घातल्यासारखं. मी ती कवचं जपून ठेवली आहेत. सदतीस झाली.

पिल्लं वाढवायची असतील तर विचार करून घ्या. त्यांना इवलीशी, फिंच पक्ष्याची अंडी लागतात आणि ती वर्षभर मिळणं फार कठीण.

*

कडुनिंब

सदतीस कवचं! फोटो हवाच.

*

फांदीवर

ग्रीन ट्री पायथनबद्दल दोन ओळी. हा शेपटीने फांदीला लटकून, डोकं खाली करून जेवतो. म्हणजे उंदीर खालून वर गिळतो, वजनाच्या विरुद्ध. तीनदा मी खाली हात धरून बसलो की पडला तर झेलू. कधीच पडला नाही, मागे वळलेले दात सुटू देत नाहीत. पिल्लू असताना तो शेपटीचं वेगळ्या रंगाचं टोक अळीसारखं वळवळवायचा, सरडे जवळ यावेत म्हणून. पेटीत सरडा कुठून यायचा, पण चिमटा दिसला की शेपटी सुरू. मोठा झाल्यावर ते थांबलं. मला त्याची फार आठवण येते.

*

तळ्याकाठी

वळवळीवरून आठवलं. टेंटॅकल्ड स्नेक, नाकावर दोन मिशा असलेला पाणसाप, एका ओळखीच्यांकडे टाकीत पाहिला आहे. तो पाण्यात इंग्रजी जे अक्षरासारखा वाकून काठीसारखा निश्चल राहतो. मासा वाकणात आला की साप मानेकडचा भाग किंचित हलवतो. दचकलेला मासा त्या हालचालीपासून उलट पळतो, आणि उलट म्हणजे थेट सापाच्या तोंडाकडे. केनेथ कटानिया यांनी हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं, 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. साप मासा जिथे आहे तिथे झेपच घेत नाही, तो जिथे येणार आहे तिथे घेतो. मासा स्वतः तोंडात पोहत गेला असं मी प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा वाटलं नजरचूक झाली. तीनदा पाहिलं.

*

रानजाई

धागा वाढत चालला याचा फार आनंद आहे. ठकी उंदीर खाल्ल्यापासून गरम खोक्यातून हललेली नाही. ती अशी पडून असताना आत काय उलाढाल चालते हे अस्थिपंजर सांगतील का?

*

अस्थिपंजर

थोडक्यात. बर्मी अजगरांवर 2005 मध्ये नेचरमध्ये आलेलं काम आहे. जेवणानंतर 48 तासांत हृदयाच्या जवनिकेचं, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं, वस्तुमान 40 टक्क्यांनी वाढलेलं आणि पचन झालं की पुन्हा उतरलेलं त्यात आढळलं. आतड्याचं अस्तरही वाढतं. ठकी स्वस्थ दिसते तेव्हाच सर्वांत जास्त कामात असते. म्हणून दोन दिवस हात लावायचा नाही. लावला तर उंदीर बाहेर येऊ शकतो, आणि तसं झालं तर पुढचे दोन आठवडे तरी जेवण देऊ नये, पोटाला सावरू द्यावं.

*

पहिलटकर

सोळा दिवसांनी लिहितोय. दोन घट्ट खोकी ठेवली. गरम कोपरा 28 अंशच होता, तो 32 केला. दहा दिवस हात लावला नाही. नंतरही घाई केली नाही. आज रात्री नऊला त्याचं डोकं दारात आलं, मानेचा एस दिसला, मी बाजूला बसलो, दिवा बंद. उंदराचं डोकं गरम केलं होतं. त्याने धरला! हात थरथरत होते माझे.

पण एक शंका आहे. इतकं करूनही तो शेपटीकडून गिळतोय. मागचे पाय आडवे आलेत, अर्ध्यावर थांबलाय. काही करू का?

*

रानजाई

काही करू नका. पाय हळूहळू पुढे दुमडले जातील. डोक्याकडून गिळलं की पाय आपोआप अंगाला लागतात, इकडून वेळ लागतो एवढंच. खोलीतून बाहेर जा आणि तासाभराने दारातून बघा.

*

पहिलटकर

पन्नास मिनिटं लागली. आत्ता वाकडी जांभई दिली. डावीकडे.